तिसऱ्या दोरीपर्यंतचं हॉटेल

आमच्या सुरपुंत गावात बार्लाने आजवर कशाकशाला विरोध केला हे सांगायला बसलो, तर मला दुकानाला कुलूप लावावं लागेल. डोंगरावर स्कीवाल्यांना वर नेणारा खुर्च्यांचा पाळणा झाला तेव्हा ती विरोधात होती. उतारावर बर्फ उडवणारी यंत्रं आली तेव्हा, "बर्फ पाडायचं काम देवाचं, त्याला नळ कशाला जोडता?" म्हणून विरोधात होती. चर्चसमोर दिवा लावायचा ठरला तेव्हा तर तिने कारणसुद्धा दिलं नाही, नुसता हात वर केला. आमच्या ग्रामसभेत मत हात वर करूनच द्यायचं असतं, त्यामुळे कोण कुठल्या बाजूला हे झाकून राहत नाही. सरपंच गिएरी "विरोधात कोण?" असं विचारायच्या आधीच बार्लाकडे बघून एक मत मोजून मोकळा होतो.

गंमत अशी, की या बाईचा सगळा जन्म स्कीवाल्यांच्या जिवावर गेला. शिकाऊ लोकांच्या उतारावर दोरी ओढत वर नेते ना, तिच्या पायथ्याशी ती उभी असायची. येणाऱ्याच्या हातात दांडा द्यायचा आणि तो पडला की हात वर करून दोरी थांबवायची. त्या कामाला जीभ लागत नाही, पण ही ती फुकट वापरायची. "गुडघे वाकव! आईने उभं राहायला शिकवलं नाही का?" असं ती जर्मन डॉक्टरांना, इटालियन वकिलांना, कोणालाही सुनवायची. पुढच्या वर्षी तेच लोक पोरंबाळं घेऊन परत यायचे आणि माझ्या दुकानात विचारायचे, "ओरडणारी बाई आहे ना अजून?" मी म्हणायचो, "आहे. जाईल कुठे?"

आता तिने सत्तरी ओलांडली आहे. दोरी यंत्रच सांभाळतं आणि बार्ला घरी ओरडते. घर तिचं आणि धाकट्या बहिणीचं, ओन्नाचं, मधोमध वाटलेलं. आई गेल्यावर ओन्नाने बार्लाला न विचारता आपल्या अर्ध्या घराच्या खिडक्यांची दारं पिवळी रंगवली. शेकडो वर्षांचं काळं लाकूड आणि त्यावर हळद फासल्यासारखा रंग! बार्ला म्हणाली, "डोळे गेले का तुझे?" ओन्ना म्हणाली, "तुझं काळीज कधीच गेलंय, त्याचं काय?" त्यावर बार्लाने आईचं दारासमोरचं लांब बाकडं सुताराकडून करवतून घेतलं. दोन तुकडे झाले, दोन्ही लंगडे, मग दोघींनी वेगवेगळे पाय ठोकून घेतले. एक तुकडा घराच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला. तेव्हापासून दोघी बोलत नाहीत. सभेत मात्र ओन्ना आधी बार्लाचा हात बघते आणि मग त्याच्या नेमकं उलट मत देते. विषय काय आहे हे ती बरेचदा बाहेर पडल्यावर मला विचारते.

ही बाकडी साधी गोष्ट नाही. ऐन हिवाळ्यात सूर्य आमच्या गावाला तोंडच दाखवत नाही, डोंगराआडून जातो. फेब्रुवारीत परत येतो तोसुद्धा मध्यान्हीला, पाहुण्यासारखा, बूट न काढता. तेवढ्या वेळात जो तो हातातलं काम टाकून भिंतीला पाठ लावून बसतो. मीही दुकानाच्या पायरीवर बसतो. तेव्हा कोणी मीठ मागितलं तर मी त्याला आत जाऊन घ्यायला सांगतो.

आणि नेमकं त्याच सूर्याच्या वाटेवर, जुन्या लाकूड-गिरणीच्या कुरणात, झुरिकच्या एका बिल्डरने हॉटेल बांधायचं काढलं.

रीतीप्रमाणे आधी खांब आले. आमच्याकडे विटेला वीट लावायच्या आधी इमारत हवेत दाखवावी लागते. जितकी इमारत उंच तितके खांब उंच, कोपऱ्याकोपऱ्यावर रोवलेले, टोकाला छपराची तिरकी फळी. लोकांनी बघायचं, आक्षेप घ्यायचा आणि मग सभेत मत द्यायचं. पाच मजल्यांचे खांब होते. गाव महिनाभर माना वर करून चालत होतं आणि त्या नादात बर्फावर घसरून पडत होतं.

मतं तर काय, माझ्या दुकानात पावाबरोबर फुकट मिळायला लागली. स्की-शाळेचा फ्लुरिन म्हणाला, "अर्धं गाव शहरातल्या लोकांनी विकत घेतलंय. वर्षातनं दोन आठवडे येतात, एरवी खिडक्या बंद. त्यापेक्षा हॉटेल परवडलं, दिवे तरी लागतील!" दूधवाली म्हणाली, "दिवे लागतील, पण दूध ते शहरातनंच आणतील, बघाच." आमच्या पाद्रीबाबांनी दोन्ही बाजूंसाठी प्रार्थना केली आणि दोन्ही बाजूंचे टोमणे खाल्ले. माझं मत? मी दुकानदार. गिऱ्हाईक समोर असेल त्याचं ते माझं.

ओन्नाचं मात्र तोंडपाठ होतं. तिचा एकुलता एक आंद्री झुरिकला मोठ्या हॉटेलात स्वयंपाकी आहे. तो म्हणाला होता, "आई, आपल्याकडे मुदपाकखाना निघाला तर मी दुसऱ्या दिवशी येतो." ओन्नाने त्याची खोली झाडून ठेवली. पलंगावर नवी रजई घातली. मला म्हणाली, "भाऊ, मी काही मागत नाही. मला फक्त त्याने आत येताना दारात बूट आपटलेले ऐकायचेत." असं म्हणाली आणि लगेच वर, "शिवाय बार्ला विरोधात आहेच, म्हणजे हॉटेल चांगलंच असणार."

बार्ला विरोधात होती हे सांगायला नको. पण या वेळी तिच्याकडे कारण होतं. "माझ्या बाकड्यावरचं ऊन जाणार," ती दुकानात काउंटरवर मूठ आपटून म्हणाली. "एवढंसं ऊन येतं, तेही हे, खुर्चीवर टॉवेल टाकून जागा धरावी तसं, अडवणार!"

फ्लुरिन म्हणाला, "खांबांची सावली बघितलीस का? काडीएवढी आहे."

"खांबाची काडीएवढीच पडणार, गाढवा! भिंतीची पडेल तेव्हा कळेल."

आणि इथेच बार्लाच्या डोक्यात किडा शिरला. दुसऱ्या दिवशी ती दारोदार चादरी मागत फिरली. बाजूचे, विरोधाचे, सगळ्यांकडे. "तुझं मत काय ते तुझ्यापाशी ठेव, चादर दे." बेकरीवालीने भोक पडलेली दिली. पाद्रीबाबांनी पाहुण्यांच्या पलंगपोसांचा गठ्ठा दिला. फ्लुरिनने हसत हसत शर्यतीचा भला मोठा कापडी फलक दिला, त्यावर 'शेवट' असं लिहिलेलं होतं. ओन्नाचं दार तेवढं तिने ठोठावलं नाही.

अग्निशामक दलाचा प्रमुख लुरेन तिचा धर्मपुत्र, बाप्तिस्म्याला तिनेच हातात धरलेला. तिने त्याला लहानपणी स्कीवर उभं केलंय, त्यामुळे तो अजून तिच्यासमोर गुडघे वाकवूनच उभा राहतो. "बार्लामावशी, खांबांना हात लावायची परवानगी नाही गं," तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

"मग शिडीचा सराव कर. आग विझवणाऱ्याने सराव करू नये का?"

शनिवारी सकाळी सराव झाला. आमच्या घरांकडच्या बाजूला दोन खांबांच्या मध्ये प्रत्येक मजल्याला एक अशा पाच दोऱ्या चढल्या, कप्प्यांवरून खाली आणलेल्या, म्हणजे खालून ओढता-सोडता येतील. दोऱ्यांवर गावाची सगळी अंथरुणं पांघरुणं. सगळ्यात वर 'शेवट'. हॉटेल उभं राहिलं, आणि त्याचा सुवास साबणाचा होता.

मध्यान्हीच्या आधी अख्खं गाव दोघींच्या घरासमोर जमलं. कोणी सातूचं सूप आणलं, कोणी गरम वाइन. सरपंच गिएरी, "मी इथे नाही, मी सहज चाललो होतो," असं प्रत्येकाला सांगत पुढच्या रांगेत उभा राहिला. बिल्डरचा माणूसही आला, पातळ तळव्याच्या बुटांत, लुरेनचा दंड धरून. बार्ला कुरणात दोऱ्यांपाशी कमरेवर हात ठेवून उभी. आणि त्या टोकाच्या बाकड्यावर ओन्ना मुद्दाम येऊन बसली, हॉटेल काही माझं वाकडं करत नाही हे गावाला दाखवायला.

सूर्य डोंगराच्या कडेवर आला. चादरींची सावली कुरणातून सरकत निघाली, रस्ता ओलांडून अंगणात शिरली, आणि भिंतीवर चढली.

बार्लाच्या बाकड्यावर लख्ख ऊन पडलं होतं. लाकडातून वाफ निघत होती.

सावली पडली होती ओन्नावर. डोक्यापासून पायापर्यंत.

गावात जो हशा उसळला तो विचारू नका. फ्लुरिन ओरडला, "बार्ला, तुझं बाकडं तर भाजून निघतंय! जा, अंडं फोड त्याच्यावर!" बिल्डरच्या माणसाने टाळ्या वाजवल्या. मीही हसलो. कोण हसणार नाही? जन्मभर विरोध करणारीच्या पदरात फुकटचं ऊन, आणि हॉटेल हॉटेल करणारीच्या अंगणात काळोख.

बार्ला हसली नाही. ती ओन्नाकडे बघत होती. ओन्नाने कोटाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलं. हात बाह्यांत ओढून घेतले. नाक लाल झालं होतं. "मला तर बाई गरमच होतंय," ती कोणी न विचारता म्हणाली, आणि तिचे दात वाजले.

तेव्हा हशा विरला. ती म्हातारी पोराच्या बुटांचा आवाज ऐकायला जन्मभर सावलीत बसायला तयार होती, हे आम्हां सगळ्यांना एकदमच दिसलं.

बार्ला वळली आणि तिने वरची, पाचवी दोरी सोडली. 'शेवट' फडफडत खाली आला. ऊन ओन्नाच्या कपाळावर आलं, मग नाकावर. ओन्नाने डोळे मिटले. मिटायचे नव्हते तिला, पण मिटले.

"आणखी एक!" कोणीतरी मागून ओरडलं.

"अहो, हे असं मजले कमी करता येत नाहीत," बिल्डरचा माणूस म्हणाला.

"गुडघे वाकवा आणि गप्प उभे राहा," बार्ला म्हणाली. तिने चौथी दोरी हळूहळू ढिली केली. ऊन ओन्नाच्या छातीवर आलं, मांडीवर आलं, चादर एका बाजूने झुकली आणि ऊन घरंगळत पायाशी आलं. बार्ला दोरी हातात धरून थांबली. खिडक्या रंगवल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा तिने बहिणीला हाक मारली.

"ओन्ना! पायांना लागलं का?"

ओन्नाने डोळे उघडले नाहीत. सूपवाल्यांनी चमचे थांबवले.

"उजव्याला लागलं," ओन्ना म्हणाली. "डावा अजून गारच आहे."

बार्लाने दोरी हातातून सोडून दिली.

शुक्रवारी सभा होती. बिल्डरचा माणूस म्हणाला, तीन मजल्यांत भागणार नाही. गिएरी म्हणाला, मग खांब कधी नेताय? तो माणूस बाहेर गेला, फोनवर बोलला, परत आला आणि म्हणाला, बसवता येईल. मुदपाकखाना राहील का, असं ओन्नाने शेवटच्या रांगेतून विचारलं. राहील, असं तो म्हणाला.

"तिसऱ्या दोरीपर्यंतच्या हॉटेलाच्या बाजूने कोण?" गिएरीने विचारलं, आणि सवयीने बार्लाकडे बघून तिचं मत आधीच विरोधात मोजून टाकलं.

बार्लाचा हात वर गेला. दोरी थांबवायची तसा, ताठ, पंजा पसरून. सभागृह खरंच थांबलं. गिएरीच्या हातातलं पेन खाली पडलं. लुरेनने दोन्ही हात वर केले, तर शेजारच्याने त्यातला एक खाली ओढला.

मी ओन्नाकडे बघितलं. तिने रीतीप्रमाणे आधी बार्लाचा हात बघितला होता, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने तिचा स्वतःचा हात मांडीवरच चिकटून बसला होता. चेहरा रडवेला झालेला. पोरगा एका हाताच्या अंतरावर आला होता आणि हात उचलत नव्हता.

"अगं उचल की!" बार्ला पहिल्या रांगेतून ओरडली, तशीच, जशी उतारावर ओरडायची. "मी धरलीय दोरी, तू उभी राहा!"

ओन्ना उभीच राहिली. हातही वर केला, दोन्ही केले. गिएरीने ते एकच मत धरलं.