व्याह्यांचा डावा खांदा

अख्ख्या बेंगळुरात आमच्या व्याह्यांइतका कललेला माणूस दुसरा नसेल. दारू नाही, विडी नाही, अंगावरून वारंही गेलेलं नाही. कारण एकच, इलेक्ट्रिक गिटार. उभी हयात ऑर्केस्ट्रात ती गळ्यात अडकवून उभे राहिल्याने त्यांचा डावा खांदा चांगला चार बोटं खाली उतरलेला. जयनगरचा त्यांचा शिंपी शेवटी सदऱ्याची डावी बाजू आखूड शिवू लागला. तो सदरा त्यांच्या अंगावर सरळ आणि दोरीवर वाकडा दिसे. माझ्या लेकीच्या लग्नात फोटोवाला ‘सार, स्वल्प सरळ’ म्हणून म्हणून थकला आणि त्याने कॅमेराच तिरका धरला. त्या फोटोत व्याही ताठ उभे आहेत आणि नवरानवरीसकट आम्ही सगळे पडायच्या बेतात आहोत.

मी मल्लेश्वरमच्या बाजारात नारळ विकणारा, शाळा चौथीत सुटलेला. गाण्यातलं मला कळत नाही, पण ओझ्यातलं मला कुणी शिकवू नये. पोतं पाठीवर घ्यावं, नाहीतर खांदे बदलत न्यावं. हे मी व्याह्यांना सांगितलं, त्यांना पटेना, तेव्हा शेजारच्या कांदेवाल्याच्या तराजूत ती गिटार घातली आणि समोर नारळ टाकत गेलो. आठव्या नारळाला पारडं हललं. मला वाटलं माणूस घाबरेल, तर त्यांची छाती फुगली. म्हणाले, “जड लाकडातला सूर व्याह्यासारखा असतो अण्णा, एकदा बसला की उठत नाही. हलक्यातला जावयासारखा, आला की निघायची घाई.” मग निदान बसून वाजवा म्हटलं, तर म्हणाले, उभा आहे तोवर गिटारवाला, बसलो की पेटीवाला. मुलीच्या बापाने व्याह्यांशी याच्यापुढे बोलायचं नसतं. मी नारळ उचलून परत ढिगात रचले.

आणि एक दिवस दुपारी समोरच्या एसटीडी बूथवाला धावत आला की तुमच्या व्याह्यांचा फोन आहे. डाव्या हाताला मुंग्या येतायत, खांद्यापासून कळ येतेय, घरात कुणी नाही. डावा हात म्हणजे हृदयच, असं मी धरून चाललो. दुकान उघडं टाकून ऑटो पकडली, त्यांना आत घातलं आणि दवाखाना येईपर्यंत घरातल्या झाडून सगळ्या देवांना नवस बोललो. मी त्यांचा हात धरलेला, ते मात्र ऑटोवाल्याला गाणं बदलायला सांगत होते. डॉक्टरने तपासून हृदय ठणठणीत असल्याचं सांगितलं आणि विचारलं, या खांद्याला काय टांगता? मानेतली शीर दबतेय म्हणाला. ओझं उतरवा, नाहीतर बसून वाजवा, नाहीतर ही बोटं एक दिवस झोपतील ती उठायची नाहीत. बाहेर आल्यावर व्याही म्हणाले, “हृदय ठीक म्हणाला ना? सरी, झालं तर मग.” बाकीचं त्यांनी ऐकलंच नव्हतं.

तेव्हापासून माझी झोप गेली. गणपतीच्या मांडवात मी पुढच्या खुर्चीवर बसायचो आणि फक्त त्यांची डावी बोटं बघायचो. त्यांनी हात झटकला की मी अर्धा उठायचो. आमची ही एकदा म्हणाली, तुम्ही गाणं ऐकायला येता की मयताला?

नातू झाला. बाळंतपण आमच्याकडे झालं, मग लेकीला नि बाळाला सासरी पोचवायला गेलो. नातवंड होईपर्यंत मुलीच्या घरी बापाने जेवायचं नाही ही आमची रीत, तेव्हा ते माझं तिथलं पहिलंच जेवण. व्याह्यांनी हौसेने बाळ डाव्या हातावर घेतलं, दोन पावलं चालले आणि थांबले. चेहरा उतरला. अगदी हळू म्हणाले, “धरा कुणीतरी. हात झोपलाय.” लेकीने झडप घालून बाळ घेतलं. व्याही हसले. दुसरं कुणी हसलं नाही.

पानं वाढली. होळिगेवर, आपल्या पुरणपोळीवर, तूप पडलं. मी हात लावला नाही. रुसायचा मान वरपक्षाचा. मुलीचा बाप रुसल्याचं आमच्या सात पिढ्यांत कुणी ऐकलं नसेल. विहीणबाई घाबरल्या, जावई हात जोडू लागला, लेक डोळे वटारू लागली. मी ढिम्म. शेवटी व्याही समोर येऊन बसले. म्हणाले, काय हवंय ते मागा.

“स्टूल,” मी म्हणालो. “तुम्ही त्यावर बसून वाजवायचं.”

“बसलेल्याला पुढच्या वर्षी कुणी बोलावत नाही, अण्णा.”

“न बोलावोत. हा बोलावेल की आजोबा म्हणून. तेव्हा उचलणार कशाने?”

ते बाळाकडे बघत राहिले. मग उजव्या हाताने होळिगेचा तुकडा मोडून त्यांनी माझ्या तोंडाशी धरला.

नोव्हेंबरात कर्नाटक राज्योत्सवाच्या मांडवात ते स्टुलावर बसले, गिटार मांडीवर. हात एकदाही झटकला नाही. दोन्ही खांदे जवळपास एका रेषेत आले होते आणि मला दुसऱ्याच कुणाच्या कार्यक्रमाला आल्यासारखं वाटत होतं. बोटांवर नजर ठेवायची गरज उरली नव्हती, म्हणून त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांचं वाजवणं ऐकलं. माणूस फार गोड वाजवायचा.

पुढच्या गणपतीत त्यांना फारशी बोलावणी आली नाहीत. नातू डाव्या कडेवर घेऊन ते गल्लीतून हिंडतात. मी चुकलो असं मी म्हणणार नाही, कधीच नाही. पण व्याही त्याबद्दल मला एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते, तर भांडता तरी आलं असतं.