दाताखालची नदी

होगेनक्कलच्या धबधब्यात मादेसन चाळीस वर्षं बांबूची गोल होडी वल्हवतोय. फेरी संपली की होडी पालथी डोक्यावर घेऊन खडक चढायचा, हाही त्याचाच मान. धारेखाली शिरण्याआधी तो ओंजळभर पाणी तोंडात घोळवतो. आज ते दाताखाली कचकचलं आणि त्यानं होडी फिरवली.

"काय अण्णा, भ्यालात?" सेलमहून फिरायला आलेला, होडीत बसलेला सेल्वमणी खवळला. "आभाळात ढगाचा ठिपका नाही!"

"इथं नाही. वर कुठंतरी कोसळलाय. मुकाट बसा."

काठावर उतरून बघतात तर धारेखालचे खडक लाल गढूळ पाण्यात गडप झालेले. मादेसन होडी उचलायला वळला. ती सेल्वमणीच्या डोक्यावर होती.