बॉलसमोर उभं राहायचं कोणी?

अंधेरीच्या एका फुटबॉल अकॅडमीत मी कोच आहे. किस्से गोळा करावे लागत नाहीत, टर्फवर पाय ठेवला की एक तयारच असतो. लोक ऐकून हसतात. मला मात्र आता संताप येतो, कारण प्रत्येक किश्शात कुणातरी पोराची वाट लागलेली असते. सध्या तो पोरगा म्हणजे अनिकेत. विक्रोळीचा, उंचापुरा डिफेंडर, प्रोफेशनल क्लबात जायचं एवढंच डोक्यात.

*

शॉट अंगावर घेऊन अडवायचा, म्हणजे ब्लॉक करायचा, हे शिकवायला घेतलं. पोरांनी जमिनीवर घसरत पहिली स्लाइड मारली आणि टर्फचा मालक धावत आला. "कोच, कार्पेट उखडेल! स्लाइड बंद!"

म्हटलं, मग बचाव कसा करायचा?

"तासाभराच्या बुकिंगमध्ये बचाव कशाला हवा?"

*

एक आई मुलाला घेऊन तणतणत आली. "सर, तुम्ही मुलांना बॉलचा मार खायला शिकवता?"

"हो मॅडम, तोच डिफेन्स."

"मग याला स्ट्रायकर करा ना! मांडीवर वळ उठलाय त्याच्या!"

आता त्या बॅचमध्ये नुसते स्ट्रायकर आहेत.

*

शॉट आला की अनिकेत पाठ फिरवायचा. "अरे, छाती समोर, हात मागे, बॉलकडे बघ!" ओरडून माझा घसा बसला. एकदा त्याने खरंच पोटावर शॉट घेतला. कळवळला, पण अडवला! मी नाचलोच. आमच्या व्हिडिओवाल्याला म्हटलं, "हा टाक रे."

"सर, ब्लॉक कोण बघतं? रील गोलचंच चालतं."

*

आमचे डायरेक्टर राणेसाहेब. त्यांच्याकडे रोज अर्धा तास फक्त ब्लॉकिंगसाठी मागितला.

"अरे, पालक बाहेर बसून बघतात ना! पोरं मार खाताना दिसली तर अॅडमिशन कोण घेईल? अनिकेत काय, क्लबात गेला की शिकेल."

क्लबवाले म्हणतात, शिकवून पाठवा. मधल्यामधे पोरगा लटकतो, आणि याचं कुणाला काही वाटत नाही!

*

परवा एका क्लबच्या ज्युनियर टीमशी आमची मॅच झाली. त्यांचे सिलेक्टर अनिकेतलाच बघायला आले होते. पोरगा झकास खेळला. शेवटी त्यांच्या स्ट्रायकरने कडक शॉट मारला आणि अनिकेतने पाठ फिरवली. बॉल कानाजवळून थेट गोलात.

सिलेक्टर मला म्हणाले, "पोरगा चांगलाय. पण बॉलला घाबरणारा डिफेंडर घेऊन आम्ही काय करू?"

दुसऱ्या दिवशी अकॅडमीच्या गेटवर भलामोठा बॅनर! 'नवीन बॅच सुरू', आणि खाली त्याच क्षणाचा फोटो, पाठमोरा अनिकेत.

राणेसाहेब जाम खूश. "काय भारी फोटो मिळालाय बघ! जर्सीच्या पाठीवरचं अकॅडमीचं नाव किती क्लिअर वाचता येतंय!"