गव्हाच्या कोठीतली बाटली

ती बाटली माझ्यासाठी होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून आधीच लिहून टाकतो. नाहीतर प्रेमदासबद्दल लिहिता लिहिता मी ते सोयीस्करपणे विसरेन. मला तशी सवय आहे.

प्रेमदास मूळचा हिंगणीचा. वय चव्वेचाळीस. पिपरी मेघेत माझ्या भिंतीला लागून त्याचं घर. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत तो नोकरीला. हिंगणघाटला असो की देवळीला, कुठेही जिनिंग बंद पडलं की हा पिशवी उचलून निघणार. सभ्य इतका की बिघाड यंत्राचा असला तरी माफी हाच मागणार. व्यसन म्हणाल तर सुपारीचंसुद्धा नाही.

त्याला कारण त्याची बायको जया. तिचे वडील तानबा बोर धरणाकडच्या जंगलात गाळलेली मोहाची दारू पिऊन वारले, तेव्हा ती अकरा वर्षांची होती. आमचा वर्धा जिल्हा तेव्हाही दारूबंदीचाच होता. लग्न ठरताना तिने प्रेमदासला एकच अट घातली: घरात थेंब येता कामा नये. आता आतापर्यंत ती आमच्या भागातल्या दारूबंदी महिला मंडळाची अध्यक्ष होती. कुणाकडे बाटली आहे असं कळलं की पंधरा बायका घेऊन दारात उभी राहायची. मंडळाचे अर्ज मी लिहून देतो. निवृत्त हेडक्लार्क आहे, अक्षर चांगलं आहे.

या उन्हाळ्यात कंपनीने प्रेमदासला नव्या यंत्राच्या प्रशिक्षणासाठी सहा दिवस पुण्याला पाठवलं. दुसऱ्या संध्याकाळी बरोबरच्या लोकांनी त्याला एका बिअरच्या बारमध्ये नेलं. बिअर तिथेच बनवतात, काचेमागे मोठाल्या टाक्या दिसतात. हा म्हणे लिंबूपाणी मागणार होता. पण टाक्या बघितल्या आणि त्यातला यंत्रवाला जागा झाला. बनवणाऱ्याला गाठून त्याने विचारलं, गहू कुठला, किती दिवस मुरवता, थंड कसं ठेवता. त्याने लाकडी फळीवर सहा छोटे ग्लास मांडून दिले, चाखून बघा म्हणाला. प्रेमदासने चाखले.

पुढच्या तीन संध्याकाळी तो एकटाच तीन वेगळ्या बारमध्ये गेला. यंत्रांच्या तक्रारी लिहायच्या डायरीत त्याने चवी लिहून ठेवल्या: एक आंब्याची, एक करपलेल्या भाकरीसारखी, एक नुसती कडू. तिथूनच मला फोन करायचा. घरी सांगायची सोय नव्हती, आणि बोलल्याशिवाय राहवत नव्हतं.

"काकाजी, इथं लोकं बायकोसंग बसून पेते," तो म्हणाला. "कोणी कोणाले पाहत नाई. मीच एकटा दरवाज्याकडं पाहून राह्यलो."

मी त्रेसष्ट वर्षांचा. बायको जाऊन चार वर्षं झालेली. आयुष्यभर दारूबंदीच्या अर्जांवर "महोदय" लिहिलं आणि मनात एकदा तरी चाखायची हौस तशीच राहिली. मी म्हणालो, "मले एक आणजो." तो हो म्हणाला, कारण मोठ्या माणसाला नाही म्हणणं त्याच्या रक्तात नाही.

बनवणाऱ्याने जाड काचेची, तारेच्या खटक्याच्या झाकणाची बाटली भरून दिली आणि बजावलं, फ्रिजमध्ये ठेवा, दोन दिवसांत संपवा, आतलं अजून जिवंत आहे, गरमीत फुगतं. प्रेमदासने हे मला शब्दन् शब्द सांगितलं. टॉवेलात गुंडाळून, सुट्या भागांच्या खोक्यात घालून त्याने ती रेल्वेने आणली. वर्धा स्टेशनवर उतरताना खोकं छातीशी धरलं होतं म्हणे.

त्या दिवशी नेमका माझा मुलगा अभिराम सुनेला घेऊन आला होता. मी म्हटलं, दोन दिवस ठेव. फ्रिज जयाच्या हाताखालचा. म्हणून त्याने बाटली गव्हाच्या कोठीत खुपसली. वर्षाचा नवा गहू कडुनिंबाचा पाला घालून नुकताच भरला होता, आणि जुना संपल्याशिवाय जया त्या कोठीला हात लावत नाही, हे त्याला ठाऊक होतं. ती पत्र्याची कोठी पश्चिमेच्या भिंतीला होती. बाहेर पंचेचाळीस अंश.

मुलगा चार दिवस राहिला. तो गेला त्या दुपारी मंडळाच्या बायका माझ्याच ओसरीवर अर्ज लिहून घ्यायला बसल्या. मग गल्लीत पोलिसांची गाडी येऊन गेली आणि मी घाबरलो. सातव्या दिवशी प्रेमदास कुंपणापाशी आला. चेहरा उतरलेला.

"काकाजी, मी कोठीत हात घालून पाह्यला. बाटली गरम लागते. वतून देऊ का?"

"कुठं वतशीन? मोरीत वतली तर वास गल्लीभर जाईन. तुह्या घरातून," मी म्हणालो. "दोन दिवस थांब. मी नेतो."

तो गेला. ते थांब म्हणणं मला आजही ऐकू येतं. बाटली माझ्या घरी आणायला बारा पावलं लागली असती.

दोन दिवसांनी अक्षय तृतीया होती. जयाच्या माहेरची रीत अशी की नवा गहू आधी पितरांना, मग घरच्यांना. दरवर्षी त्या दिवशी ती कोठी उघडून ओंजळभर गहू काढते, दळते आणि तानबाच्या नावाने पान वाढते. वीस वर्षं प्रेमदास ते पान बघत आला होता. पण यंदा भीतीने त्याला तिथी सुचली नाही, आणि त्या दिवशी दरवर्षी शेजारी म्हणून जेवायला बसणाऱ्या मलाही सुचली नाही.

सकाळी दहाला आवाज झाला. मला वाटलं सिलेंडर. धावत गेलो तर जया जमिनीवर, तोंडावर दोन्ही हात, बोटांतून रक्त. गव्हाच्या राशीवर काच आणि पांढरा फेस. हाताला काही कठीण लागलं म्हणून तिने ते वर काढलं होतं आणि कोठीच्या काठाला टेकताच बाटली फुटली होती. सगळ्या घरात आंबूस वास. ती ओरडत नव्हती. हाताला लागलेला तो वास घेत होती, पुन्हा पुन्हा, आणि वडिलांना हाक मारत होती.

डावा डोळा गेला. दवाखान्यात विचारपूस झाली, पोलिसांत नोंद झाली. बाटली कुणासाठी होती असं विचारल्यावर प्रेमदास म्हणाला, माझीच. मी शेजारच्या बाकावर बसलो होतो. जयाने अध्यक्षपद सोडलं. तो राजीनामाही माझ्याकडूनच लिहून घेतला, आणि मी तो सुवाच्य अक्षरात लिहिला.

परवा तिने मला चहाला बोलावलं. डोळ्यावर अजून पट्टी होती. प्रेमदास समोरच बसला होता, पण आता ती त्याच्याशी बोलत नाही. म्हणाली, "काकाजी, हे पेणारे नाई, मले मालूम आहे. कोणासाठी तरी आणली होती. मेलो तरी सांगणार नाई म्हणते. तुमचं ऐकते ते. तुम्ही इचारून पाहा न."

मी प्रेमदासकडे पाहिलं. त्याने मान वर केली नाही. फक्त माझ्या पुढ्यात बिस्किटांची बशी सरकवली.

"इचारतो," मी म्हणालो, आणि एक बिस्कीट उचललं.