मुदतीच्या पिशव्या

बाळांनो, मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, बाबाने चाकणचा कारखाना का बंद केला. बाबा मागून म्हणाला, "मार्केट पडलं होतं." मार्केट पडलेलं नव्हतं. चूक माझी होती, आणि तो तिकडे दुसऱ्याच्या कंपनीत नोकरी करत अजून ती झाकतो आहे. या आठवड्यात त्या कारखान्याची निघोज्यातली शेड दुसऱ्याच्या ताब्यात गेली. आता सांगितलं नाही तर पुढे मला हे सांगायचा धीर राहणार नाही, म्हणून आज लिहिते.

आमच्या शेडमध्ये पॉलिथिनच्या पिशव्या निघायच्या. आसपासच्या कारखान्यांचे बोल्ट, वॉशर, रबरी रिंगा त्यांत भरून जायच्या. शाळेतून रिटायर झाल्यावर मी स्टोअर आणि फायली सांभाळू लागले. इंग्रजी कागद आला की तो माझ्या टेबलावर यायचा. पावसाळ्यात तिकडे वीज सारखी जाते, म्हणून तुमच्या आजोबांनी रीत घालून दिली होती: पावसाळ्यात द्यायचा सगळा माल उन्हाळ्यातच काढून ठेवायचा. ते गेल्यावरही मी ती रीत मोडू दिली नाही.

मग आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने कळवलं, यापुढे मातीत कुजणाऱ्या पिशव्या द्या. त्या एका गिऱ्हाइकावर निम्मी शेड चालायची. पण बाबाला ते मनापासूनही पटलं होतं. त्याने मक्याच्या स्टार्चचा दाणा मागवला. दाणा म्हणजे मशीनमध्ये वितळवायचा कच्चा माल. हा दाणा फार नखरेल, जरा जास्त तापला की पिशवीचा पातळ पडदा फाटायचा. दोन महिने बाबा पिंपळे गुरवच्या घरी फक्त आंघोळीला यायचा. शेवटी पिशवी जमली. दुधी रंगाची, हाताला मऊ. त्याने पहिली पिशवी माझ्या हातात दिली तेव्हा त्याचा चेहरा दहावीच्या निकालाच्या दिवशीसारखा होता.

दाण्याबरोबर एक इंग्रजी कागद आला होता. थंड, कोरड्या जागी ठेवा, सहा महिन्यांत वापरा. मी तो नीट वाचला, वर तारीख घातली आणि कच्च्या मालाच्या फाइलला लावला. दाणा आम्ही महिन्याभरात संपवत होतो, तेव्हा काळजीचं कारण मला दिसलं नाही. तयार पिशवीलाही मुदत असेल, हे इतकी वर्षं पॉलिथिन हाताळलेल्या आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही.

बाबाला तेवढी शंका आली होती. "आई, एवढा माल आधी काढून ठेवायचा का? वस्तू नवीन आहे."

मशीन चालवणारे आमचे जुने कामगार, ज्यांना सगळे मामा म्हणायचे, ते निघोज्याचेच. ते हसले. "साहेब, पिशवी काय भाकरी हाय व्हय, शिळी व्हायला?"

"मामा बरोबर बोलतायत," मी म्हणाले. "तुझ्या वडिलांनी हेच केलं असतं."

वडिलांचं नाव काढल्यावर त्याने जास्तीचा दाणा मागवला. होळीनंतर दोन्ही शिफ्ट चालवून आम्ही पत्र्याच्या छतापर्यंत गठ्ठे रचले. प्रत्येकावर माझ्या अक्षरातलं लेबल. दिसायला फार छान दिसत होतं.

गणपतीनंतर गिऱ्हाइकाच्या स्टोअरमधून फोन आला. बाबाने तो स्पीकरवर घेतला. "राव, पिशव्या पाठवल्यात का पापड? बोल्ट टाकला की मोडतायत. लाइन थांबलीय इथं."

मामांनी एक गठ्ठा फोडला. पिशवी त्यांच्या मुठीत चुरली. दुसरा फोडला, तिसरा फोडला. उन्हाळाभर तापलेला पत्रा आणि त्यावर पावसाळ्याची दमट हवा, यात सगळा माल आतून संपला होता. बाबाने कच्च्या मालाची फाइल काढली, तो कागद वाचला, वरची माझी तारीख पाहिली. मी समोर उभी होते. त्याने फाइल मिटून जागेवर ठेवली आणि म्हणाला, "आई, तू जेवून घे. उशीर झालाय." त्या कागदाचा विषय त्याने आजवर काढलेला नाही. त्याने मला दोष दिला असता तर बरं झालं असतं.

गिऱ्हाईक परत साध्या प्लास्टिककडे गेलं. ही मक्याची पिशवी कामाची नाही, अशी बोलवा चाकणभर झाली. पिशवी चांगली होती. ती काढल्या काढल्या पाठवली असती तर आजही गेली असती. वर्षभरात मशीन विकलं, मामा दुसऱ्या कंपनीत लागले, आणि बाबा तुम्हाला घेऊन तिकडे गेला. तुम्ही तेव्हा फार लहान होतात.

परवा मी किल्ल्या द्यायला गेले. नवे मालक शेडमागे टाकीसाठी खड्डा खणून घेत होते. चुरलेला सगळा माल आम्ही तिथेच पुरला होता. त्याचा एक तुकडाही मला दिसला नाही. त्याच जागी आणखी खालून आजोबांच्या काळातली पॉलिथिनची एक पिशवी निघाली. मी ती नळाखाली धुतली. तिच्यावरचं आमच्या शेडचं नाव पूर्ण वाचता येतं. पिशवी कुठेही फाटलेली नाही.