जवसाच्या चटणीचा वास

आईने नागपूरहून पाठवलेली जवसाची चटणी आज अमेरिकेत, हर्नडनच्या माझ्या किचनमध्ये उघडली आणि लसणाच्या त्या वासासरशी मी पुन्हा त्या भाड्याच्या गाडीत जाऊन बसले. आम्ही चौघी मैत्रिणी, तेव्हा विद्यार्थिनी, नेवाडाच्या वाळवंटातून कॅलिफोर्नियाच्या समुद्राकडे निघालो होतो. बाहेर मैलोन्‌मैल करडी, उजाड जमीन. आत पोळीत गुंडाळलेली हीच चटणी. "यार, घराचा वास येतोय," मृणाल बोटं चाटत म्हणाली होती.

परतताना माझा फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला होता. बाबांचा कॉल आला. "जय भीम, बेटा! समुद्र पाहिला का?" त्यांचा खणखणीत आवाज गाडीभर घुमला. दुपारी मी डबा पुढे केला, तर बाकीच्या दोघींना अचानक भूकच नव्हती.

मी मृणालकडे पाहिलं. तिला सगळं आधीपासून माहीत होतं. नागपूरला आमच्या घरी ती पोटभर जेवून गेली होती. तिने त्या दोघींकडे पाहिलं आणि बटण दाबून काच खाली केली.

"बंद कर ना तो डबा. किती वास येतोय!" मृणाल म्हणाली.

तेव्हा राग आला तो त्या दोघींचा. आज त्यांचे चेहरेही आठवत नाहीत. आठवतं ते काचेच्या बटणावरचं मृणालचं बोट, जाताना तिने चाटूनपुसून साफ केलेलं.