झाकणाला दोनदा विचारा

आमच्या ऑफिसचे किस्से संपत नाहीत, कारण एक सांगून होईपर्यंत शकीलभाई दुसरा घडवून ठेवतात. जालना एमआयडीसीत शकीलभाई, वैशाली आणि मी असे तिघं बियाणे प्लांटच्या मशिनींचे प्रोग्रॅम लिहितो. प्रोग्रॅम कंपाईल होताना, म्हणजे मशिनच्या भाषेत उतरताना, कॉम्प्युटर आधी त्याचं एक झाड बनवतो, फांदीफांदीवर एकेक सूचना. शकीलभाईंनी असं प्लगइन, म्हणजे जोड-प्रोग्रॅम, लिहिलं, की ते मधेच शिरून त्या झाडाची छाटणी करतं, कलमं बांधतं. आपली फाईल मात्र होती तशीच दिसते. तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही.

*

पहिल्याच आठवड्यात वैशालीला एरर आली, ओळ चारशे बारा. तिची फाईल तीनशे ओळींची.

"भाई, माझ्या शंभर ओळी कुणी पळवल्या?"

"पळवल्या न्हाई ताई, वाढवून दिल्या."

त्या दिवशी तिनं कानाला हेडफोन लावला तो संध्याकाळीच काढला.

*

मग भाईंना वाटलं, प्रोग्रॅमच्या प्रत्येक तुकड्यात, म्हणजे फंक्शनमध्ये, नोंदीची एक ओळ आपोआप जावी. प्लगइननं फांदी लावली, त्या नव्या फांदीवर आणखी एक लावली, आणि लावतच सुटलं. आमचा चहा झाला, भाई जुन्या जालन्यात जाऊन जुम्म्याची नमाज पढून आले, तरी कंपाईल चालूच.

"काय करून राह्यलंय ते?" मी विचारलं.

"वाढून राह्यलंय," भाई कौतुकानं म्हणाले.

*

हे हसण्यावारी नेलं. पुढचं नेता येईना. प्लांटच्या पॅकिंग मशिनवर किसनमामा असतात. बी अडकलं की झाकण उघडून आत हात घालतात, आणि झाकण उघडताच आतला फिरता स्क्रू थांबला पाहिजे. धुळीनं सेन्सर कधीकधी चुकतो, म्हणून झाकण बंद आहे का, हे मी लागोपाठ दोनदा विचारलं होतं. नव्या प्रोग्रॅमच्या ट्रायलच्या आदल्या दिवशी मी कंपाईल झालेलं झाड छापून पाहिलं, तर प्रश्न एकदाच.

"तीच ओळ दोनदा. फालतू म्हणून काढली प्लगइननं," भाई म्हणाले. "मशिन जल्दी चालंल."

"भाई, किसनमामांचा हात असतो तिथं."

"सेन्सर नवा हाय. बिलकुल टेन्शन घेऊ नका."



*

ट्रायलला भाईंनी मॅनेजरसमोर लॅपटॉप उघडला. "हे बघा साहेब, दोनदा तपासतं." फाईलमध्ये दोन्ही ओळी होत्याच; मशिनमध्ये गेली होती एकच. माझं डोकं फिरलं. मी चालू मशिनचं झाकण उघडलं. स्क्रू थांबला.

"बराबर आहे ना भाई? मग घाला हात."

भाई हसले. बाही वर सारली, हात झाकणापर्यंत नेला आणि तो तिथंच राहिला.

किसनमामा शेजारीच उभे होते. "ऱ्हाऊ द्या भाई," ते म्हणाले. "मी तर रोजच घालतो."

शकीलभाई तिथंच एका पोत्यावर बसले आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन त्यांनी प्लगइन उघडलं.